पोटातली दया, हातातली दया

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत एका दयेला किती शब्द आहेत, पाहा. दया, करुणा, कणव, कळवळा, माया, कीव. शब्दकोशात हे सगळे शेजारी शेजारी बसतात, बोलण्यात मात्र त्यांच्यात फार अंतर पडतं. ‘तुमच्यासाठी जीव कळवळला’ असं कुणी म्हटलं तर बरं वाटतं. ‘मला तुमची कीव येते’ असं म्हटलं तर आपण भांडायला उठतो. पहिलं वाक्य बोलणारा आपल्या शेजारी बसलेला असतो आणि दुसरं बोलणारा माडीवर उभा राहून खाली पाहत असतो. आमच्या घरातल्या दखनी बोलीतही असेच दोन शब्द आहेत. एक ‘हमदर्दी’, म्हणजे दुखण्यातली सोबत. दुसरा ‘तरस खाना’. यात गंमत अशी, की तरस खाणाऱ्याचंच पोट भरतं. ज्याच्यावर खाल्लं तो उपाशीच राहतो.

आपण दुसऱ्यावर दया करतो, कुणाच्या मदतीला धावतो, ते खरंच मनापासून असतं का? की त्यात आपलाही काही हिशेब असतो? पुण्याचा, नावाचा, किंवा निदान ‘आपण बरे आहोत’ असं स्वतःला सांगता यावं याचा? प्रश्न जुना आहे आणि आपण सगळेच तो विचारतो. बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल. शेजाऱ्याने मंदिराला पंखा दिला, की पात्यावरचं नाव आपण आधी वाचतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस हॉब्ज नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. माणूस जे करतो ते स्वतःच्या भल्यासाठीच करतो, असं मानणारा म्हणून तो प्रसिद्ध. त्याच्या परिचयातल्या जॉन ऑब्रीने त्याची एक आठवण लिहून ठेवली आहे. लंडनच्या रस्त्यात एका थकल्याभागल्या म्हाताऱ्याने हात पसरला आणि हॉब्जने त्याला सहा पेन्स काढून दिले. जवळच एक धर्मगुरू उभे होते. त्यांनी विचारलं, ‘ख्रिस्ताची आज्ञा नसती तर तुम्ही दिले असते का?’ हॉब्ज म्हणाला, ‘दिले असते. त्याचे हाल बघून मला त्रास होत होता. पैसे दिल्याने त्यालाही आराम पडला आणि मलाही.’

हा किस्सा सांगून लोक म्हणतात, बघा, म्हणजे दया हाही स्वार्थच. मला तसं वाटत नाही. त्या म्हाताऱ्याला बघून ज्याला काहीच झालं नाही, त्याला पैसे देऊन आराम कशाचा मिळणार? आधी दुसऱ्याचं दुखणं आपल्या आत शिरावं लागतं, तेव्हाच ते काढून टाकल्यावर हलकं वाटतं. हे आत शिरणं म्हणजेच दया. त्यानंतर मिळणारं समाधान ही तिची मजुरी समजा हवं तर. पण मजुरी घेतली म्हणून काम खोटं ठरत नाही. हे आम्हा कामगारवस्तीतल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

आणि हे दुखणं शिरतं कुठे? आपली भाषा सांगते, पोटात. आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं. अरबीत दयेला ‘रहम’ म्हणतात आणि ज्या धातूपासून तो शब्द आला, त्याच धातूपासून गर्भाशयाचाही शब्द आला आहे. बायबलच्या ग्रीकमध्ये कळवळा येण्याचं क्रियापद आतड्यांच्या शब्दावरून घडलेलं आहे. या तीन भाषा बोलणाऱ्यांनी एकत्र बसून काही ठरवलं नव्हतं. चीनमध्ये इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मेन्सियस नावाच्या विचारवंताने एक दाखला दिला होता. विहिरीच्या काठावरून मूल आत पडतंय असं अचानक दिसलं, तर कुणाच्याही काळजात धस्स होतं. आईबापांशी ओळख वाढवावी म्हणून नव्हे, लोकांनी वाहवा करावी म्हणूनही नव्हे. हिशेब मांडायला त्या क्षणी सवडच नसते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की पोटात उठणारी दया बहुतेक वेळा खरीच असते. भानगड होते ती पोटापासून हातापर्यंतच्या वाटेवर. ही वाट वितीएवढी दिसते, पण तिच्यावर तीन नाके लागतात.

पहिला नाका घाईचा.

आमचा पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा घड्याळावर चालतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीपासून मोशी, चाकणपर्यंत कंपन्यांच्या बसगाड्या, ट्रेलर आणि दुचाक्या एकमेकांना घासत धावत असतात. एखादा मोटारसायकलवाला घसरून पडतो. त्याच्या अंगावरही कंपनीचा गणवेश आणि बाजूने जाणाऱ्यांच्या अंगावरही गणवेश. शंभर जण वळून बघतात, ‘अरेरे’ म्हणतात आणि पुढे जातात. हे सगळे दगडाच्या काळजाचे असतात का? पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापला जाईल, ही धास्ती त्यांच्या मानगुटीवर बसलेली असते.

बायबलात एका शोमरोनी माणसाची गोष्ट आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका वाटसरूला लुटारूंनी मारून टाकून दिलं. एक याजक बघून पुढे गेला, देवळातला एक सेवकही गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे त्या वाटसरूचे लोक ज्याच्या जमातीला हलकं मानत तो. १९७३ साली अमेरिकेत डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी या गोष्टीवरच बेतलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे चाळीस विद्यार्थी त्यांनी निवडले. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींना विषयही याच शोमरोन्याचा दिला. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना ‘सावकाश जा’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. शोमरोन्यावर बोलायला निघालेलेही काही जण त्या कण्हणाऱ्याला वळसा घालून गेले.

मला या प्रयोगातून धर्मशास्त्र शिकणाऱ्यांची टिंगल करायची नाही. मी त्यातून एवढंच घेतो, की दयेला वेळ लागतो, आणि ज्या व्यवस्थेत माणसाजवळ पाच मिनिटं उरत नाहीत तिथे चांगलं मनही थिटं पडतं. शिवाय आपल्याकडे घाईच्या जोडीला भीती होती. जखमीला दवाखान्यात नेलं की पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, साक्षीला फेऱ्या माराव्या लागतील. ही भीती कमी करावी म्हणून केंद्र सरकारने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बळ दिलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, नाव सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. हे कलम पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कायदा कुणाच्या पोटात दया घालू शकत नाही. असलेल्या दयेच्या पायातली बेडी मात्र काढू शकतो.

दुसरा नाका लोकांच्या डोळ्यांचा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चाकण, म्हाळुंगे, कुरुळी भागातल्या खोल्यांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, मराठवाड्यातली हजारो माणसं अडकून पडली. एका खोलीत सहा-सात जण. कंपनी बंद, ठेकेदाराचा फोन बंद. तेव्हा या पट्ट्यातल्या लोकांनी खूप केलं. मंडळांनी केलं, गुरुद्वारांनी केलं, मशिदींनी केलं, घराघरातल्या बायांनी पोळ्या लाटून दिल्या. त्या दिवसांत मीही काही जणांबरोबर खिचडी वाटत फिरत होतो. एका ठिकाणी ओळीतला विशीतला मुलगा आपली पाळी आली तसा मागे सरकला. वाटणाऱ्यांपैकी एकाने मोबाइल वर धरला होता. मुलगा हळूच म्हणाला, ‘खाना दीजिए भैया, फोटो मत लीजिए. घर पे बोला है, सुपरवायझर हूँ.’

तो मुलगा भुकेला होता. तरीही गावी आईसमोर आपली जी मूर्ती आहे, ती एका द्रोण खिचडीसाठी फोडायला तो तयार नव्हता. फोटो काढणारा काही वाईट नव्हता. सकाळपासून उन्हात उभा होता, खिशातले पैसे घातले होते. त्याची दया पोटातून खरीच निघाली होती. वाटेत मोबाइल लागला. अशा तक्रारी देशभर होत्या. त्याच एप्रिलमध्ये राजस्थान सरकारने अन्नवाटप करताना फोटो काढायला बंदी घातली.

या नाक्याबद्दल सगळ्या धर्मांनी सावध केलेलं आहे. दान उघड दिलं तरी चांगलं, पण गुपचूप गरजूपर्यंत पोचवलं तर अधिक चांगलं, आणि दिल्यावर उपकार बोलून दाखवणं, टोचणं यामुळे दान वाया जातं, असा कुराणाचा सांगावा आहे. उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, ही शिकवण बायबलातही आहे आणि हदीसमध्येही. गीतेने परतफेडीच्या आशेने दिलेलं दान राजस आणि अवमान करून दिलेलं तामस ठरवलं. हे सगळं ऐकून वाटतं, की देव देणाऱ्याच्या मनाची शुद्धी मागतो आहे. पण त्यात घेणाऱ्याची अब्रूही राखली जाते, आणि मला ती बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

तिसरा नाका सगळ्यांत अवघड. तो मालकीचा. इथे दया हक्काच्या जागेवर जाऊन बसते.

याचा दाखला मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरपूर नफा झाला आणि महागाईने कामगार मेटाकुटीला आला. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर १० टक्के युद्धभत्ता दिला, त्याला बोनस म्हटलं. पुढे काही वर्षं सालीना एक पगाराएवढा बोनस मिळू लागला. कोकण, सातारा, पुण्याच्या घाटमाथ्यावरून गेलेल्या आपल्या माणसांनी तो आपला धरला, त्यावर लग्नं ठरवली, कर्जं फेडली. मग १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला. १९२४ च्या सुरुवातीला लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सांगितलं, की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायाने कोणताही हक्क पोचत नाही. संप फसला, बोनस मिळाला नाही.

बोनस देणारे गिरणीमालक १९१७ मध्ये ढोंगी होते का? असतीलच असं नाही. एखाद्याला कामगारांचे हाल बघून खरंच वाईट वाटलं असेल. पण ती दया मालकाच्या मर्जीवर होती आणि मर्जी फिरली की कामगाराच्या हातात काही उरत नव्हतं. पुढे कामगार चाळीस वर्षं भांडले, तेव्हा १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला आणि बक्षिसाचा हक्क झाला. आज आपल्या भागातल्या मोठ्या कारखान्यांत दिवाळीपूर्वी बोनसचा करार होतो, तेव्हा कामगार टेबलासमोर ताठ बसून बोलतो. त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेरचा कंत्राटी पोरगा मात्र अजून मिठाईच्या पुड्यावर खूश होतो. ओव्हरटाइमचा हिशेब विचारायला तो गेला, तर ‘पुडा घेतलास ना?’ असं त्याला ऐकावं लागतं. मिठाई गोडच असते हो. पण ती ओव्हरटाइमच्या जागी आली की कडू होते.

आमच्याकडे जकात आहे. साठलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा वर्षाला गरिबांना द्यायचा. तिला कुराणाने दया म्हटलेलं नाही; मागणाऱ्याचा आणि वंचिताचा तो ठरलेला हक्क आहे, असं म्हटलं आहे. म्हणजे देणारा स्वतःच्या खिशातून काही देत नाही, दुसऱ्याचं आपल्याकडे राहिलेलं परत करतो. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, अशी हदीस प्रसिद्ध आहे. देशाच्या कायद्यानेही काहीसं असंच केलं. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. त्यातून शाळांच्या खोल्या झाल्या, रुग्णवाहिका आल्या, चांगलंच झालं. पण आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो, तेव्हा मनात येतं, वारीत पाण्याच्या बाटल्या वाटणं ही दया झाली, आणि नदी स्वच्छ ठेवणं हे देणं होतं. देणं फेडल्याशिवाय केलेली दया म्हणजे उधारी ठेवून घातलेलं जेवण.

मग हे तिन्ही नाके ओलांडून आलेली दया कशी दिसते? दोन उदाहरणं देतो, दोन्ही आमच्या हाकेच्या अंतरावरची.

पहिलं पिंपरीचं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत पेनिसिलीन बाहेरून आणावं लागे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांना नुसत्या औषधाच्या पेट्या पाठवता आल्या असत्या. त्यांनी पिंपरीच्या कारखान्यासाठी यंत्रसामग्री आणि तज्ज्ञांची मदत दिली. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलीन बनू लागलं. त्या कारखान्याला पुढे वाईट दिवस आले, हे खरं. पण बाटली दिली असती तर आपण दर वर्षी हात पसरला असता. कारखाना मिळाला आणि आपण बाटल्या भरू लागलो.

दुसरं देहूचं. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, लोकांना कर्जाऊ दिलेल्या पैशांचे कागद घरात होते. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. माणसं अन्न अन्न करत मेली. तुकोबांच्या घरातही मृत्यू आला. परंपरा सांगते, की त्यानंतर तुकोबांनी ते कर्जरोखे इंद्रायणीत बुडवले. सगळे बुडवले नाहीत. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा वेगळा काढून त्याच्या हाती दिला आणि आपल्या वाटणीचे तेवढे बुडवले. मला या अर्ध्या कागदांचं फार मोल वाटतं. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणं सोपं असतं. तुकोबांनी दया केली ती आपल्या वाटणीतून.

आणि कागदच बुडवल्यामुळे उपकाराची नोंदसुद्धा राहिली नाही. कुणाला किती सोडले, हे उद्या सांगायची सोय नाही. कर्जदार दुसऱ्या दिवशी नदीवर भेटला तर त्याने मान खाली घालून जायचं कारण नाही. वाटलं तर रामराम करेल, नाहीतर घागर भरून निघून जाईल.

आपण आजवर दयेचा खरेपणा देणाऱ्याच्या मनात शोधत आलो. तिथे डोकावण्याची सोय दुसऱ्या कुणाला नाही. नियत अल्लाला ठाऊक, आणि थोडीफार ज्याची त्याला. आपल्याला दिसते ती घेणाऱ्याची मान. मदत घेतल्यावर ती वाकली की सरळ राहिली? उद्या तो तुम्हाला ‘नको’ म्हणू शकेल का? तुमच्या विरोधात मत देऊ शकेल का? ओव्हरटाइमचा हिशेब मागू शकेल का? या प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आलं, तर देताना तुमच्या मनात थोडा मोठेपणा होता की नव्हता, याची मी तरी चौकशी करणार नाही. फोटोत आपण कसे दिसतो, याचा विचार त्या खिचडीने कधी केला नव्हता. ती गरम होती आणि वेळेवर पोचली होती. तेवढं आपल्याला जमलं, आणि समोरच्याला आपलं नावसुद्धा लक्षात ठेवावं लागलं नाही, म्हणजे पुष्कळ झालं.